आपल्या खाचरात कुठलं भात कमी युरियात पिकतं ते स्वतः कसं तपासायचं

युरियाची गोणी ४५ किलोची, किंमत २६६ रुपये ५० पैसे, आणि त्यात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. हिशोब केलात तर एक किलो नत्र १३ रुपयांना पण पडत नाही. इतकं स्वस्त आहे म्हणूनच ते कोणी मोजत नाही, शेजाऱ्याचं भात जरा जास्त काळपट हिरवं दिसलं की आपण पण दोन घमेली जास्त फेकून येतो, आणि मग आश्विनात पाऊस लागला की तेच भात आडवं होऊन लोंब्यांना कोंब फुटलेले बघत बसतो. आमच्याकडे रायगडात हे मी दर दोन-तीन वर्षांनी बघते, आमच्या स्वतःच्या शेतात पण बघितलंय.

चिखलणीच्या भातात आपण जो युरिया टाकतो त्यातलं साधारण ३० ते ४० टक्के नत्रच पिकाच्या अंगाला लागतं, बाकीचं जातं. कुठे जातं ते आधी समजून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. युरिया पाण्यात पडला की दोन-तीन दिवसांत त्याचा अमोनिया व्हायला लागतो, खाचरात पाणी साचलेलं असलं आणि वर शेवाळ असलं की दुपारच्या वेळी पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि तो अमोनिया सरळ हवेत उडून जातो. जो चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात राहतो तिथे थोडी हवा असते, तिथे त्याचं नायट्रेट बनतं, ते खाली जिरतं, खाली हवाच नाही, तिथले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. त्यात नायट्रस ऑक्साईड पण असतो, जो हवा तापवायला कार्बन डायऑक्साईडच्या अडीचशे पटीहून जास्त जोरदार आहे. आणि कोकणात तर आणखी एक मोठी वाट, रात्री धो धो पडला की बांधावरून पाणी उतरतं आणि तुमचा युरिया खालच्या माणसाच्या खाचरात. निमकोटेड युरिया २०१५ पासून सगळाच आहे, त्याने नायट्रेट बनायचा वेग जरा कमी होतो, पण वाहून जाणारं तो थांबवू शकत नाही.

आता हे झालं खताचं. पण त्यात वाणाचा पण भाग आहे आणि त्याबद्दल आपल्यात फार कमी बोललं जातं. दोन वाण शेजारी शेजारी, तीच माती तेच पाणी तेवढंच खत, तरी एक वाण जमिनीतलं नत्र खेचून दाण्यात भरतं आणि दुसरं नुसतं पाला करतं. मुळं किती खोल आणि किती दाट, निसवायच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या, आधी किती नत्र उचलून ठेवलं, दाणा भरताना पानातलं नत्र लोंबीत किती उतरवलं, याच्यावर ते ठरतं. १९६६ ला आयआर-८ आलं आणि त्याच्या मागोमाग १९६८ ला आपल्याकडे जया, ही बुटकी भातं आणलीच होती जास्त खत खाऊन न लोळण्यासाठी. त्याच्या आधीची उंच भातं, आंबेमोहोरासारखी, जरा जास्त युरिया पडला की झोपायची. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं वाण निवडायचे म्हणजे भरपूर खत घालून कोण जास्त पिकतं तेवढंच बघायचं असं झालं, खत कमी असताना कोण टिकतं हे बघायचं राहून गेलं. आता त्याच्यावर जगभर काम चाललंय, चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ ला दाखवलं की आपली इंडिका भातं जपानी जातीच्या भातांपेक्षा नायट्रेट जास्त चांगलं उचलतात आणि त्यातला बराचसा फरक एका जनुकातल्या बारीकशा बदलाने पडतो. पण ती कामं होऊन बियाण्याच्या पिशवीपर्यंत येईपर्यंत आपण थांबायचं कशाला, आपल्या घरात जी दोन-तीन वाणं आहेत त्यातलं कुठलं काटकसरी आहे हे साडेचार गुंठ्यात कळतं.

तयारी

वाण निवडताना एक गोष्ट पाळा, हळव्याशी (लवकर पिकणाऱ्याशी) हळवं आणि गरव्याशी (उशिरा पिकणाऱ्याशी) गरवं लावा. कर्जत-३ आणि सुवर्णा शेजारी लावून तुलना केलीत तर सुवर्णाच पुढे दिसणार, ते महिनाभर जास्त उभं असतं, तेवढे दिवस जमिनीतून नत्र उचलत असतं, त्यात तिच्या गुणाचा किती आणि दिवसांचा किती ते कळणारच नाही. तीन वाण पुरेत. पहिल्याच वर्षी पाच-सहा घेऊ नका, कापणीला माणसं मिळत नाहीत आणि मग सगळं एकात मिसळतं.

खताचे तीन पट्टे करायचे: शून्य युरिया, अर्धा, आणि पूर्ण. पूर्ण म्हणजे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅश) ही सुधारित वाणांची नेहमीची शिफारस धरा. प्रत्येक पट्टा १५ मीटर लांब ५ मीटर रुंद, त्यात तीन वाणांचे ५ बाय ५ चे तीन तुकडे. बांध फक्त पट्ट्या-पट्ट्यांच्या मध्ये हवा, वाणांच्या मध्ये नको, कारण एका पट्ट्यात सगळ्यांना खत सारखंच आहे. हा बांध मात्र नीट घाला, नुसता चिखल ओढून भागत नाही, मी जुना प्लास्टिकचा कागद उभा गाडून दोन्हीकडून चिखल लावते, एक वीत तरी आत जायला पाहिजे. नाहीतर पूर्ण पट्ट्यातलं खत झिरपून शून्यात येतं आणि तुम्हाला वाटतं वा काय वाण आहे, खताशिवाय पण हिरवं.

आणि उताराचं बघा. पाणी वरून खाली येतं म्हणून शून्याचा पट्टा सगळ्यात वर, मग अर्धा, मग पूर्ण. उलटं केलंत तर सगळी मेहनत पाण्यात. आता कोणी म्हणेल वरच्या खाचराची माती हलकी असते, बरोबर आहे, म्हणून शक्यतो एकाच सपाट मोठ्या खाचरात हे सगळं बसवा, आणि हेच तीन पट्टे थोडं लांब दुसऱ्या ठिकाणी परत एकदा करा. दोन्ही मिळून १८ तुकडे, साडेचार गुंठे. एकाच ठिकाणी केलेल्यावर विश्वास ठेवू नका, एखाद्या कोपऱ्यात गेल्या वर्षी शेणाचा ढीग होता एवढ्याने पण निकाल फिरतो. राबाची, म्हणजे रोपं केलेली, जागा तर नकोच.

खत मोजून

इथे वजनकाटा लागतो, स्वयंपाकघरातला डिजिटल चालतो. २५ चौरस मीटरच्या एका तुकड्याला पूर्ण मात्रेचा युरिया होतो ५४० ग्रॅम. त्यातला २१५ लावणीला, २१५ फुटव्याच्या वेळी, ११० पोटरीच्या आधी. अर्ध्या पट्ट्याला ११०, ११० आणि ५०. हे घरीच वेगवेगळ्या पुड्या बांधून त्याच्यावर पेनाने लिहून ठेवा, शेतात पावसात उभं राहून मोजायला जाऊ नका, युरिया ओला होतो आणि काट्याला चिकटतो.

स्फुरद आणि पालाश मात्र तिन्ही पट्ट्यांना सारखंच द्यायचं, शून्याला पण. एका तुकड्याला सिंगल सुपर फॉस्फेट ७८० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश २१० ग्रॅम, दोन्ही शेवटच्या चिखलणीला. इथे बऱ्याच जणांची चूक होते, स्फुरद म्हणून डीएपी टाकतात नाहीतर १५:१५:१५ टाकतात. डीएपीत १८ टक्के नत्र असतं, मग तो पट्टा शून्याचा राहिलाच नाही. गिरीपुष्पाचा पाला किंवा शेणखत घालत असाल तर घाला, पण सगळ्या तुकड्यांना वजन करून सारखं.

टाकायच्या आधी पाणी उतरवा, बोटाचं एक पेर बुडेल इतकं ठेवा, युरिया टाकून हाताने नाहीतर कोळपणीने चिखलात मिसळा आणि पुढचे दोन-तीन दिवस पाणी बांधावरून जाऊ देऊ नका. आकाश बघून टाका, त्या दिवशी मोठा पाऊस दिसत असेल तर पुढे ढकला. तिसरा हप्ता केव्हा द्यायचा ते कॅलेंडरवर ठरवू नका, एक जाडसं खोड बुडातून काढून ब्लेडने उभं चिरा, आत वरच्या कांड्याच्या टोकाला पांढरं, पिसासारखं मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं टोक दिसलं की लोंबी धरायला सुरुवात झाली, तीच वेळ. वाणागणिक हा दिवस चार-पाच दिवसांनी पुढे मागे होतो, म्हणून प्रत्येक वाणाचं वेगळं बघा.

आता आमच्याकडे पहिल्या वर्षी काय झालं ते सांगते कारण हे तुमच्याकडेही होऊ शकतं. लावणीनंतर महिनाभराने शून्याचा पट्टा पिवळा पडायला लागला, खालची पानं आधी, टोकाकडून मधल्या शिरेने उतरत पिवळी. माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, रोज सकाळी बांधावर जातात. चार दिवस काही बोलले नाहीत, पाचव्या दिवशी म्हणाले बाय गो, उपाशी पोर बघवत नाही तसं झालंय मला. मी म्हटलं अण्णा असू दे, ते मुद्दाम आहे. पुढच्या आठवड्यात मी माहेराहून परत आले तर शून्याचा पट्टा मधोमध हिरवा गर्द, कडेने पिवळा. अण्णांनी दोन ओंजळी युरिया टाकला होता. पन्नास वर्षं भात केलेला माणूस, त्यांच्या हातून ते झालं याचं मला वाईट नाही वाटलं, पण ते वर्ष गेलं. तेव्हापासून लावणीच्या आधी मी घरातल्या सगळ्यांना, गड्यांना, शेजारच्या खाचरवाल्यांना पण बोलावून दाखवते की हा पट्टा कशासाठी आहे, आणि चारही कोपऱ्यांना बांबू ठोकून लाल फडकं बांधते. दुसऱ्या वर्षी ती फडकी अण्णांनीच बांधली.

मधल्या काळात काय बघायचं

पानांचा रंग बघायला एक तक्ता मिळतो, लीफ कलर चार्ट म्हणतात, हिरव्या रंगाच्या चार-सहा पट्ट्या असतात फिक्यापासून गडदपर्यंत. कृषी विज्ञान केंद्रात विचारा. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू करून निसवेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी, सकाळी आठ ते दहाच्या मध्ये, प्रत्येक तुकड्यातली दहा चुडं (एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके) घ्यायची, प्रत्येकातलं वरचं पूर्ण उलगडलेलं पान न तोडता तक्त्यावर धरायचं, मधला भाग जुळवायचा. सूर्याकडे पाठ करून आपल्या अंगाची सावली पानावर पाडा, उन्हात धरलंत तर सगळीच पानं फिकी दिसतात. आणि दरवेळी एकाच माणसाने बघा, माझा चार आणि नवऱ्याचा चार वेगळा येतो.

या चाचणीत तक्ता फक्त वहीत लिहायला आहे, त्याच्यावरून खत वाढवायचं नाही. बाकीच्या शेतात मात्र तो कामाला लावा, सुधारित वाणाला दहातली सहा पानं चार नंबरपेक्षा फिकी असली तर हप्ता द्या नाहीतर थांबा, सुगंधी आणि जुन्या वाणांना तीन नंबर धरतात. कारण आंबेमोहोर मुळातच फिकं असतं, त्याला कर्जत-२ सारखं गडद करायला गेलात तर ते लोळणारच.

रंगाबरोबर आणखी थोडं लिहून ठेवा: फुटवे किती (दहा चुडांतले मोजून), निसवलं कधी, लोळलं का, करपा आणि तुडतुडे कुठल्या पट्ट्यात जास्त. पूर्ण पट्ट्यात तुडतुडे बुडात जास्त सापडतात हे तुम्हाला स्वतःला दिसेल, चूड बाजूला करून हाताने थोपटलं की पाण्यावर पडतात. ही खताचीच किंमत आहे, फक्त ती दुकानाच्या पावतीवर येत नाही.

कापणी आणि हिशोब

कडेच्या ओळी सोडा, त्यांना ऊन-वारा आणि शेजारच्या तुकड्याची मदत मिळालेली असते. चारी बाजूंनी अर्धा मीटर सोडून मधला ४ बाय ४ मीटर दोरी लावून कापा. प्रत्येक तुकड्याचा भारा वेगळा, झोडणी वेगळी, गोणी वेगळी आणि आत पण एक चिठ्ठी टाका, बाहेरची चिठ्ठी पुसली जातेच. सगळं सारखं वाळवा, दाणा दाताखाली कट् करून तुटला पाहिजे, मग वारवून पळिंज (पोकळ दाणे) काढून वजन करा. पळिंजाचं वजन पण वेगळं लिहा.

१६ चौरस मीटरचं वजन गुणिले ६२५ म्हणजे हेक्टरी किलो. नत्र त्या १६ मीटरला पूर्ण पट्ट्यात १६० ग्रॅम पडलेलं असतं, अर्ध्यात ८०.

समजा एका वाणाचे आकडे शून्य, अर्धा, पूर्ण असे आले: ४.० किलो, ५.२, ६.६. आणि दुसऱ्याचे ४.८, ६.२, ६.६. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील.) नेहमीची पद्धत अशी की पूर्ण उणे शून्य, भागिले नत्र. पहिल्याचं येतं २.६ भागिले ०.१६ म्हणजे एक किलो नत्राला १६ किलो भात. दुसऱ्याचं १.८ भागिले ०.१६, सव्वाअकरा किलो. म्हणजे पहिलं वाण चांगलं? इथेच लोक फसतात. पहिल्याचा आकडा मोठा आलाय कारण शून्यात ते कमी पिकलं, खताशिवाय त्याला जमिनीतलं काढता आलं नाही. दुसऱ्याने शून्यातच जास्त दिलं, आणि अर्ध्या मात्रेत ते ६.२ वर पोचलं, पूर्ण मात्रेपेक्षा फक्त ४०० ग्रॅम कमी. त्याच्या पुढच्या अर्ध्या युरियाने नत्राच्या किलोमागे ५ किलोच भात दिलं, पहिल्या अर्ध्याने साडेसतरा दिलं होतं. मला विचाराल तर मी दुसरं लावीन आणि अर्ध्याच्या थोडं वर थांबेन. म्हणून नुसता एक आकडा काढू नका, तिन्ही पट्टे शेजारी लिहा आणि दोन प्रश्न विचारा, उपाशी असताना कोण जास्त देतं, आणि अर्ध्यावर कोण पुढे निघून जातं.

आता खरं सांगायचं तर कागदावर पाच किलो भात पण परवडतं. २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल, पाच किलो म्हणजे ११८ रुपये, आणि नत्र १३ रुपयांचं. मग टाकावं की जास्त? हा प्रश्न मला गावात दरवेळी विचारतात आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं की हा ११८ चा आकडा भात उभं राहिलं तरचा आहे. कापणीच्या तोंडावर पाऊस लागून लोळलं, कडा करपा आला, तुडतुड्यांसाठी एक फवारणी जास्त करावी लागली, तर ते पाच किलो केव्हाच गेले. तुमच्या वहीत पूर्ण पट्टा लोळला का हे लिहिलेलं असेल तर उत्तर तुम्हाला मिळालेलंच असेल, नसेल लोळला आणि वाण ताठ असेल तर टाका बिनधास्त, माझं काही म्हणणं नाही.

शून्य पट्ट्यातून आणखी एक फुकटची माहिती मिळते. एक टन भातामागे पीक साधारण १५ ते २० किलो नत्र उचलतं. शून्यात हेक्टरी ३ टन आलं तर तुमच्या मातीने स्वतःच ४५ ते ६० किलो दिलं. दर वर्षी हा आकडा उतरत गेला तर समजा की माती खाली होत चाललीय, पाला आणि शेणखत वाढवा.

वाण कळल्यावर

मग त्या वाणाला युरिया वरून फेकण्यापेक्षा खाली खोचून बघा. चार सूत्रांची चारसूत्री भातशेती कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांनी मांडली, त्यातलं चौथं सूत्र हेच. युरिया आणि डीएपी ६० ला ४० मिसळून दाबलेली २.७ ग्रॅमची ब्रिकेट, चार चुडांच्या मधोमध एक. लावणी १५-२५ सेंटीमीटरवर, म्हणजे चुडांमध्ये एकदा १५ एकदा २५ असं आलटून पालटून दोन्ही दिशांनी, मग १५ बाय १५ चे छोटे चौकोन तयार होतात आणि प्रत्येक चौकोनात एक गोळी. गुंठ्याला साधारण ६३० गोळ्या, पावणेदोन किलोच्या आतच, हेक्टरी १७० किलो. लावणीच्याच दिवशी, चिखल मऊ असताना, अंगठा आणि दोन बोटांत धरून तळव्यापर्यंत बोटं आत जातील इतकी खोल, ७ ते १० सेंटीमीटर, आणि वर काढताना भोक चिखलाने बंद करायचं. ते भोक उघडं राहिलं तर उपयोग नाही. खाली हवा नाही म्हणून तिथे नायट्रेट बनत नाही, अमोनियम तसंच चिकटून राहतं आणि मुळं त्याच्याकडे जातात. हेक्टरी ५८-५९ किलो नत्रात काम होतं, नंतर हप्ते नाहीत. कंबर मोडते हे खरं आहे, दोन बायकांना दिवसभर लागतो थोड्याशा जागेला, आणि रेताड जमिनीत जिथे पाणी भराभर जिरतं तिथे करू नका, गोळी विरघळून खाली निघून जाते.

दुसऱ्या वर्षी परत एकदा हीच चाचणी करा, पाऊस प्रत्येक वर्षी वेगळा असतो. आणि अर्ध्या युरियाच्या पट्ट्यात कापणीआधी एक चक्कर सावकाश मारा. शुद्ध वाणात सगळी चुडं सारखीच असतात, तिथे निवडून काही बदलणार नाही, पण एखादं वेगळं चूड दिसलं, ताठ, पिवळं न पडलेलं, लोंबी भरलेली, तर त्याला दोरा बांधा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ ला पटेल-३ च्या शेतात अशाच वेगळ्या दिसलेल्या तीन लोंब्या जपल्या होत्या, त्यातून एचएमटी भात झालं. त्या चुडाचं बी वेगळं मडक्यात ठेवा, चिठ्ठीवर साल, वाण आणि पट्टा लिहा, पुढच्या पावसाला एक छोटा वाफा त्याचा वेगळा टाका, आणि त्यालाही अर्धाच युरिया.